अप्पांची वही

घरी पाहुणा आला की जो तो आपल्या गावाची थोडी शेखी मिरवतोच. आम्हां सोलापूरकरांकडे त्यासाठी तीन गोष्टी ठरलेल्या: सिद्धेश्वराचे तळे, चादर आणि शेंगाची चटणी. आमच्या अप्पांकडे मात्र चौथीही एक होती. पाहुण्याच्या हातात कपबशी पडते न पडते तोच ते म्हणत, "पॉली उम्रीगर आमच्या सोलापूरचा, बरं का!"

हे खोटे नव्हते. पहलान रतनजी उम्रीगर यांचा जन्म 28 मार्च 1926 चा, सोलापूरचा. वडिलांचा येथे कपड्यांचा व्यवसाय होता. पण मिसरूड फुटायच्या सुमारास पॉली मुंबईला गेले आणि मुंबईचेच झाले. एखादा खवचट पाहुणा तसे बोलूनही दाखवी. त्यावर अप्पा शांतपणे म्हणत, "अहो, मुलगी सासरी गेली म्हणून माहेर का खोटं ठरतं?"

अप्पा कारकून माणूस. त्यांच्या हातात बॅट मी कधी पाहिली नाही. पण लाल कापडी पुठ्ठ्याची एक हिशेबाची वही त्यांनी जपली होती आणि तीत खळीने कात्रणे चिकटवलेली असत. वहीची जागा कपाटाच्या वरच्या फळीवर, पोथ्यांच्या शेजारी. आम्हां मुलांना तिला हात लावायची मनाई. आत सगळी शतकेच असणार, असा माझा समज होता. 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध काढलेल्या 223 धावा, म्हणजे भारतीयाने कसोटीत केलेले पहिले द्विशतक, अप्पांना सणावळीसारखे पाठ होते.

1962 च्या जूनमध्ये मी मॅट्रिकला नापास झालो. गणितात. निकाल पाहून घरी जायचा धीर होईना, म्हणून दिवसभर तळ्याकाठी बसून राहिलो. दिवेलागणीला अप्पा सायकल हातात धरून शोधत आले. रागावले नाहीत. "चल, तुझी आई जेवायची थांबली आहे," एवढेच म्हणाले.

जेवणे झाल्यावर त्यांनी फळीवरची वही काढली आणि पहिले पान माझ्यासमोर उघडले. ते पान 1952 च्या इंग्लंड दौऱ्याचे होते. चार कसोट्या, सात डाव आणि सर्व मिळून उम्रीगरांच्या धावा 43! त्या मालिकेत फ्रेड ट्रूमनने 29 बळी घेतले होते. इतर सामन्यांत द्विशतके ठोकणारा हा उंचापुरा गडी कसोटीत ट्रूमनसमोर उभा राहिला की बिचकतो, अशी उघड थट्टा झाली. गावाचा अभिमान म्हणून ठेवलेल्या वहीचे हे पहिले पान!

"अप्पा, हे कशाला ठेवलंत?"

"अरे, हे पान नसतं, तर पुढच्या पानांना काय किंमत होती?"

मग त्यांनी एकेक पान उलटले. पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, वेस्ट इंडीजमध्ये पाच कसोट्यांत 560 धावा. 1959 साली त्याच इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला, 118. शेवटी खळ नुकतीच वाळलेले कात्रण: एप्रिल 1962, पोर्ट ऑफ स्पेन. त्या दौऱ्यात कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागून ते मरणाच्या दारी पोचले होते. त्यांना रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल होते, तसे आपले उम्रीगरही होते. त्यानंतर या सामन्यात छत्तीस वर्षांच्या उम्रीगरांनी पाच बळी घेतले, पहिल्या डावात 56 धावा केल्या आणि फॉलोऑन मिळाल्यावर वेस्ली हॉलच्या माऱ्यापुढे नाबाद 172.

"म्हणजे जिंकलो?" मी विचारले.

"छे! सात गड्यांनी हरलो," अप्पा म्हणाले. "पण तो बाद झाला नाही."

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झालो. फार उजेड पाडला नाही; पण गणिताचा पेपर अर्धा टाकून उठलो नाही, हे मात्र खरे.

वाचकहो, गोष्ट इथेच संपली असती. पण अप्पा गेल्यावर एका दिवाळीच्या साफसफाईत ती वही पुन्हा हाती आली. पहिले पान पाहून आई म्हणाली, "त्याच साली हिशेबातल्या एका चुकीवरून ह्यांना कामावरून कमी केलं होतं. दुसरीकडे काम मिळेपर्यंत चार महिने गेले. लोक नाही नाही ते बोलत. तेव्हा बसल्या बसल्या ही वही सुरू केली."

मला एकदम आठवले. मी सात वर्षांचा असताना एका दिवाळीला घरात फटाके आले नव्हते, आणि मी अप्पांशी दोन दिवस बोललो नव्हतो. तीच ती 1952 ची दिवाळी. अप्पांनी त्याबद्दल जन्मभर चकार शब्द काढला नाही.

उम्रीगर निवृत्त झाले तेव्हा सर्वाधिक कसोट्या 59, सर्वाधिक धावा 3631 आणि सर्वाधिक शतके 12, हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. पुढे ते मोडले. विक्रम मोडण्यासाठीच असतात. 7 नोव्हेंबर 2006 रोजी ते गेले. ती बातमी मी कापली आणि खळ करून अप्पांच्या वहीत चिकटवली.

यंदा साफसफाई करताना नातवाने वही उघडली. "आजोबा, हे उम्रीगर आपल्या सोलापूरचे?"

"तर!" मी म्हणालो. "पण शतकं मागाहून बघ. आधी पहिलं पान वाच."