एक डोळा झाकून

डोळा झाक म्हटलं की मूल बोटं पसरून झाकतं, आणि त्या फटीतून त्याला सगळं दिसत असतं. त्यात लबाडी नसते. शाळेत विचारलेल्याचं उत्तर यायला हवं, एवढंच त्याला ठाऊक. ‘दिसत नाही’ हेही उत्तर असू शकतं हे त्याच्या गावी नसतं. म्हणून मी तळहाताने झाकायला सांगते, तोही जरा खोलगट करून. डोळा दाबला गेला, तर हात काढल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं आणि त्या डोळ्याची नजर उगाच कमी भरते. अगदी लहानांच्या डोळ्यावर तर मी सरळ चिकटपट्टीच लावते. तरी मान वळतेच. नाकाच्या कडेने डोकावायला मूल हळूच डोकं फिरवतं, तेव्हा तक्त्यापेक्षा मुलाकडे जास्त बघावं लागतं.

चष्म्याचे नंबर काढायच्या या धंद्यात यंत्रं पुष्कळ आली. पण एक डोळा नीट झाकता आला की निम्मं काम झालं, असं माझं मत आहे. दोन डोळे एकमेकांचं उणं झाकतात, आणि इतकं बेमालूम झाकतात की उणं असणाऱ्यालाच पत्ता लागत नाही. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा ठणठणीत, असं मूल झेल घेतं, पतंग उडवतं, पहिला नंबरही काढतं. “अहो मॅडम, त्याला लांबून एस.टी.ची पाटी वाचता येते,” असं आई सांगते. ते खरंच असतं. पाटी एकच डोळा वाचतो, एवढंच. दुसऱ्याकडून येणारं धूसर चित्र मेंदू बाजूला टाकत राहतो आणि तो डोळा बघायला शिकतच नाही. आळशी डोळा म्हणतात तो हा. तिरळेपणा असेल तर निदान फोटोत तरी दिसतो. नुसत्या नंबरामुळे आलेला आळशीपणा बाहेरून कुणालाच दिसत नाही.

सात-आठ वर्षांच्या आत तो सापडला तर नजर बरीच परत मिळवता येते. पुढेही थोडी सुधारते, पण रडतखडत. उपाय साधा, पण घरच्यांचा अंत पाहणारा: आधी चष्मा, आणि तेवढ्याने भागलं नाही तर चांगल्या डोळ्यावर रोज दोन ते सहा तास पट्टी. “चांगला डोळा कशाला बंद करता?” हा आजीचा प्रश्न ठरलेला. तिला मी झाकून दाखवते. नातू चाचपडायला लागला की तीच पट्टीवर पहारा ठेवते.

शाळेतल्या तपासणीच्या वेगळ्याच गमती. वर्गात सहा मीटर मोजून खडूने रेघ मारायची आणि मुलांना रांगेत उभं करायचं. दहावं मूल पुढे येईतो तक्ता रांगेला पाठ झालेला असतो. म्हणून ओळी उलट्या विचारायच्या, मधलंच अक्षर विचारायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. काम मोलाचं आहे, पण त्या दिवशी मामाच्या गावाला गेलेलं मूल राहून जातं ते जातंच.

ज्याला अक्षर येत नाही, ज्याला बोलायचंच नाही, त्याच्यासाठी रेटिनोस्कोप. खोलीत अंधार करून बाहुलीवर उजेडाची पट्टी फिरवायची. आतून नारिंगी चमक परत येते. ती आपल्या पट्टीबरोबर सरकते की उलट दिशेने, ते पाहत भिंगं बदलत जायची. शेवटी चमक सरकायची थांबते आणि बाहुली एकदम उजळते. हातभर अंतरावरून पाहिलं म्हणून उत्तरातून दीड वजा केला की नंबर मिळाला. मुलाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. कुइग्ने नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८७३ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा चमक बुबुळावरून येते असं त्याला वाटलं होतं. ती पडद्यावरून येते. समजूत गेली, पद्धत राहिली.

‘कॉम्प्युटरने डोळे तपासून मिळतील’ ही पाटी गावोगावी दिसते. मोठ्यांसाठी ते यंत्र सुरुवातीला बरं. मूल मात्र त्यात बघताना डोळ्यावर ताण देतं आणि नसलेला उणे नंबर छापून येतो. म्हणून लहानांना आधी डॉक्टर अ‍ॅट्रोपीनचं मलम देतात. मग आठ-पंधरा दिवस बाहुली मोठी राहते, ऊन सोसत नाही, जवळचं दिसत नाही. गृहपाठ बुडतो म्हणून आया कुरकुरतात, मुलांची काही तक्रार नसते.

मोठी माणसं बोटांतून बघत नाहीत, पण येतातच मुळी चाळिशी लागल्यावर. कित्येक जण तेव्हाही येत नाहीत, कारण एस.टी. स्टँडवर तयार चष्मा मिळतो. त्याने पेपर वाचता येतो, नाही असं नाही. पण त्या निमित्ताने डोळ्याच्या आत कुणी बघितलं असतं, ते राहून जातं. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी जाते. एका डोळ्यात पडलेलं भगदाड दुसरा भरून काढतो, आणि तक्त्यावरची शेवटची ओळही बरेच दिवस वाचता येते. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ असावा, पण दाब बरोबर असूनही शीर खराब होत गेलेली आढळते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, शीर बघावी लागते. गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली राखता येते. मधुमेहात पडद्यावर रक्ताचे ठिपके येतात तेव्हाही माणूस सहज मोबाइल वाचत असतो. चाळिशीनंतर जो मधुमेह निघतो, त्यात निदान झालं की लगेच पडदा तपासावा आणि पुढे दरवर्षी.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात फिरतो. त्याच्या पेशंटला मी सांगते, भावंडांना घेऊन या. “त्यांना काही त्रास नाही हो,” हे ऐकायची आता सवय झाली आहे. मुलाचा चष्मा तयार व्हायला दोनेक दिवस लागतात. चष्मा न्यायला याल तेव्हा घरातल्या चाळिशी उलटलेल्यांनाही आणा, असं पावती देताना म्हणते. चष्मा न्यायला बहुतेकदा एकटी आईच येते. मग तिलाच खुर्चीत बसवते.