एक घाणा जळाला

चकल्या तळताना माणसाने दुसरे काही करू नये, असे माझे ठाम मत आहे. पण गेल्या वसुबारसेला कळंबच्या आमच्या घरी मी अख्खा घाणा जाळला, आणि त्याची मला अद्याप हळहळ वाटत नाही.

शेजारची सून आली होती. मूल दहा महिन्यांचे, अंगावर पिणारे. पाडवा झाला की नवऱ्यासंगे ऊसतोडीला जायचे. उंबऱ्यातच घुटमळत म्हणाली, "काकू, रागावणार न्हाई ना?" मग पदराच्या गाठीतून गोळीचे रिकामे पाकीट काढले. दिवस राहू नयेत म्हणून नवऱ्याने मेडिकलमधून आणलेली, पंधरवड्यामागे घेतलेली. "एकदा घेतली की महिनाभर बिनघोर, असं म्हनले त्ये."

मी तीस वर्षे शाळेत शिकवले. शास्त्राच्या पुस्तकातले ते प्रकरण 'घरी वाचा' म्हणून सोडणाऱ्यांपैकी मीही एक! आणि याच मराठी मुलखात गणिताच्या एका प्राध्यापकाने, र. धों. कर्व्यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून शिव्याही खाल्ल्या. त्यांचे नाव मला पाठ होते. विषय तेवढा नव्हता.

म्हणून आशाताईंना बोलावले. फराळाची बशी पुढ्यात घेऊन त्या समजावू लागल्या. ही गोळी बीज बाहेर पडणे लांबवते, एवढेच. बीज आधीच सुटले असेल तर तिचे फारसे चालत नाही. गर्भ राहिलाच असेल तर ती तो पाडत नाही आणि त्याला इजाही करीत नाही. घ्यायची ती जितकी लवकर तितकी बरी, फार तर बहात्तर तासांत. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.

"आन् महिनाभर?"

"छे गं! झाल्या प्रसंगापुरतीच ती. उलट बीज लांबलं म्हणजे पुढच्याच रात्री जोखमीच्या."

सून भिंतीला टेकली. पंधरा दिवस ती बिनघोर होती ना! तांबी बसवली तर दहा वर्षे काळजी नाही, पाच दिवसांच्या आत बसवली तर झाल्या प्रसंगालाही ती चालते. पण आता आधी खात्री हवी. आशाताईंनी पिशवीतून निरोधची पाकिटे आणि तपासणीची पट्टी काढली. तीन आठवडे थांबायचे, पहाटेच्या लघवीत पाहायचे. दोन रेघा आल्या तर दिवस राहिले. तेव्हा कुठे मला जळका वास आला.

पाडव्याला मी तिला चकल्यांचा डबा दिला. तळाशी कागदात गुंडाळून ते सारे ठेवले होते. नवऱ्याने डबा उचलला. त्याला काय सांगायचे ते तिने रात्रीच सांगितले होते, कारण तो माझ्याकडे बघेना.

तीन आठवड्यांनी, फटफटायच्या सुमारास, फोन वाजला. मागे मोळ्या टाकल्याचा आवाज येत होता.

"काकू, एकच रेघ आली. तांबी हिकडं कुठं बसवत्यात?"