मेंदूंतील तोल

रात्रीं तोंडपाठ असलेला धडा सकाळीं प्रश्नपत्रिका हातीं पडतांच कोठें नाहींसा होतो, हा प्रश्न आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलों आहों. घरीं यास आळस म्हणतात, शाळेंत दुर्लक्ष म्हणतात. परंतु शास्त्रज्ञांनीं प्राण्यांवर केलेले कांहीं प्रयोग वाचल्यापासून हे दोन्ही शब्द उच्चारतांना आमची जीभ अडखळते.

मनुष्याच्या मेंदूंत, तसेंच उंदीर, ससा, माकड यांच्या मेंदूंत डोपामिन नांवाचें एक द्रव्य असतें. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीस पोंचविणें हें त्याचें काम. स्वीडनमधील आर्विद कार्ल्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९५७ सालीं सशांस रेसर्पिन हें औषध टोंचलें. आपल्या देशांतील सर्पगंधेच्या मुळांत तें सांपडतें. ससे निश्चल पडले. पुढें ज्यापासून डोपामिन तयार होतें तें ‘डोपा’ टोंचतांच ते पुन्हां हालचाल करूं लागले. डोपामिनविषयींच्या संशोधनाबद्दल कार्ल्सन यांस २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

हें झालें हालचालीविषयीं, स्मरणाचें काय? अमेरिकेंतील संशोधकांनीं १९७९ सालीं माकडांच्या कपाळामागील मेंदूच्या भागांतील डोपामिन जवळजवळ नाहींसें केलें. मग खाऊ एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे ठेवून, मध्यें थोडा वेळ जाऊं देऊन, माकडांस तो शोधावयास लाविलें. मागची बाजू ध्यानांत ठेवणें एवढेंच काम. पण तें त्यांस साधेना. मेंदूचा तो भागच कापून काढावा तशी त्यांची अवस्था झाली. डोपा दिल्यावर मात्र गेलेली शक्ति बरीचशी परत आली.

तर मग हें द्रव्य जितकें अधिक, तितकें स्मरण चांगलें काय? तसें नाहीं. १९९८ सालीं एमी आर्नस्टेन व पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच या विदुषींनीं माकडांस कर्कश आवाज ऐकवून त्यांच्या स्मरणाची परीक्षा घेतली. त्रस्त झालेलीं माकडें अधिक चुकूं लागलीं. आणि डोपामिनचा प्रभाव रोखणारें औषध देतांच तीं सांवरलीं. त्रासामुळें तें द्रव्य प्रमाणाबाहेर वाढलें होतें, असा त्यांचा निष्कर्ष. अति तेथें माती, ही आपली म्हण येथेंही खरी ठरली!

मूल म्हणजे माकड नव्हे, आणि प्रत्येक विस्मरणास हेंच कारण असेल असेंही नाहीं. अभ्यासच न केलेल्या विद्यार्थ्यानें या लेखाचा आधार घेऊं नये. तथापि परीक्षेच्या सकाळीं शाळेच्या फाटकापाशीं मुलांस शेवटच्या घटकेपर्यंत दटावणारे पालक आम्ही दरवर्षीं पाहतों. त्यांचा हेतु चांगलाच असतो. परंतु त्या धाकानें मुलानें रात्रभर जमविलेलेंच त्याच्या हातून निसटण्याचा संभव असतो. पालकहो, त्या वेळीं एक शांत शब्द पुरे आहे. धडा मुलापाशीं आहे. तो त्यास आठवूं द्या.