जळगांवाहून धुळ्यास

खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ सालीं झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. दोहोंमधील सडक सुमारें ९० किलोमीटरांची आहे. तीवरून आम्ही अनेकदां गेलों आहों. परंतु गेल्या हिंवाळ्यांतील प्रवासानें गतीविषयींचा एक धडा जसा उलगडून दाखविला, तसा तो वर्गांतील फळ्यावर आम्हांस क्वचितच दाखवितां आला असेल.

सकाळीं आठास मोटारबस सुटली. गांव मागें पडतांच बांभोरीनजीक गिरणेचा पूल लागतो. पुढें कपाशीचीं काळीं रानें आणि सरळ सडक. येथें गाडी कांहीं वेळ एका लयींत चालली. किलोमीटरचे दगड घड्याळाच्या समान अंतरानें मागें जाऊं लागले. समान काळांत समान अंतर, हीच सम गति. परंतु हें सुख थोडा वेळच टिकलें. पुढें बैलगाड्या, मग बाजाराची गर्दी, आणि एरंडोलास चाक पंक्चर होऊन अर्धा तास खोळंबा. गति कधीं साठ, कधीं वीस, कधीं शून्य. हिचें नांव विषम गति. आणि मनुष्याचे बहुतेक प्रवास याच जातीचे असतात.

पारोळें सोडिलें तेव्हां दहा वाजून बारा मिनिटें झालीं होतीं. शेजारचा तरुण फार अस्वस्थ होता. धुळ्याच्या कोर्टांत त्याची तारीख होती. तो म्हणाला, “ड्रायव्हरभाऊ, जरा दामटा! गेलेला अर्धा तास भरून काढा.” चालक वयस्कर होता. तो इतकेंच म्हणाला, “बसा भाऊ, पोहोंचवितों.”

आम्हीं त्या तरुणास वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखविला. उरलेलें अंतर ३६ किलोमीटर. ताशीं ४५ च्या वेगानें त्यास ४८ मिनिटें लागतात. ताशीं ६० नें ३६. म्हणजे एवढी धांवपळ करून लाभ बारा मिनिटांचा. सबंध अर्धा तास परत मिळवावयाचा, तर हें अंतर १८ मिनिटांत कापलें पाहिजे. त्यास ताशीं १२० किलोमीटरांचा वेग हवा! आणि सडकेवर तर बैलगाड्या, शाळेस निघालेलीं मुलें, आडवीं येणारीं गुरें. तरुणानें पान दोनदां पाहिलें व तो स्वस्थ बसला. अकरास आम्ही धुळ्यास पोहोंचलों. तो कोर्टाकडे धांवत गेला. त्याच्या तारखेचें काय झालें तें आम्हांस कळलें नाहीं.

तीन तासांत ९० किलोमीटर, म्हणून सरासरी गति ताशीं ३०. एकंदर अंतरास एकंदर वेळानें भागिलें म्हणजे सरासरी मिळते. थांबण्याचा वेळही त्या भागाकारांत धरावा लागतो. तिचा अर्थ एवढाच, कीं एखादी गाडी अखंड ताशीं ३० च्या सम गतीनें चालली असती, तर तीही आमच्याबरोबरच पोहोंचली असती. वस्तुतः आमची गाडी त्या वेगानें फारच थोडा वेळ चालली होती.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत काम होतें, तें उरकून सायंकाळीं एका स्नेह्यांच्या मोटारींतून परतलों. वाट मोकळी होती. दीड तासांत घरीं आलों. येतांनाची सरासरी ताशीं ६०. आतां जाऊन येऊन सरासरी किती? घरांतील मंडळींनीं एकमुखानें ४५ सांगितली. परंतु एकंदर अंतर १८०, वेळ साडेचार तास; उत्तर ४०. मंद गतीनें वेळ अधिक खाल्ला, म्हणून तिचें वजनही अधिक. वेगांची बेरीज करून दोहोंनीं भागणें हें दोन्ही वेगांनीं सारखाच वेळ चाललें असतां खरें ठरतें. सारखें अंतर चाललें असतां नव्हे.

हा विचार खानदेशास नवा नाहीं. धुळ्यास आगगाडीनें जावयाचें तर चाळीसगांवास फांटा लागतो. त्या चाळीसगांवाजवळ सातमाळ्याच्या पायथ्याशीं पाटण आहे. तेथील देवालयांत तेराव्या शतकाच्या आरंभींचा एक शिलालेख असून डॉ. भाऊ दाजी यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून त्यांचे नातू चंगदेव यांनीं स्थापिलेल्या मठास दिलेल्या देणगीचा तो लेख होय.

आचार्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० त, रचिला. आमचे ज्योतिषी ग्रहांच्या दोन गति मानीत: मध्यम आणि स्पष्ट. सूर्याची मध्यम गति दिवसास ५९ कला ८ विकला; ही सरासरी. स्पष्ट गति मात्र सुमारें ५७ ते ६१ कलांच्या दरम्यान बदलते. चंद्र तर फारच चपळ. त्याची मध्यम गति ७९० कलांहून अधिक, आणि ती क्षणोक्षणीं पालटते. म्हणून तिथि कोणत्या घटकेस संपते हें सूक्ष्मपणें काढावयाचें, तर दिवसाची गति पुरत नाहीं. तात्कालिकी गति घ्यावी, असें आचार्य सांगतात.

वर्षाचा हिशेब मध्यम गतीनें होतो. तिथीची घटका तीनें सांपडत नाहीं. प्रवासाचेंही तसेंच. घरून केव्हां निघावें हें सरासरीस विचारावें. परंतु पुढें गुरें आडवीं आलीं असतां पाय कोठें असावा, हें त्या क्षणाच्या गतीसच विचारलें पाहिजे. वाचकांनीं अर्धा तास आधीं निघावें. गेलेला वेळ वेगानें परत मिळत नाहीं.