काचेपासून सुटा
चिपळूणच्या घरातला आजी-आजोबांचा फोटो काचेला चिकटला होता. कृष्णधवल फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यात हवा सादळली की तो फुगतो, मऊ पडतो आणि काचेला टेकलेला असला की तिलाच धरून बसतो. फ्रेमवाले काका म्हणाले, "ताई, पाण्यात टाकून बघू, सुटेल." मी नको म्हटलं. आजीचा गाल काचेवर राहिला असता, तर तो परत कुठून आणायचा? काचेवरूनच नीट डिजिटल प्रत काढली, मूळ फोटो काचेसकट जपून ठेवला आणि नव्या प्रिंटच्या फ्रेमसाठी काकांच्या दुकानात ठाण मांडलं.

फोटोभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट शोभेसाठी असतो, असं बहुतेकांना वाटतं. मला त्याची जाडी मोलाची वाटते. जेमतेम दीड मिलिमीटर, पण तेवढ्याने फोटो काचेपासून सुटा राहतो. बोर्ड मात्र आम्लरहित हवा. साध्या बोर्डात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन असतं, ते हळूहळू आम्ल सोडतं. दुकानातल्याच एका जुन्या फ्रेममध्ये माउंटच्या खिडकीची तिरकी कड तपकिरी पडली होती. ती दाखवल्यावर महागड्या बोर्डाबद्दल काकांशी वाद उरला नाही.

काकांचा हात मात्र बघत राहावा असा. पोलादी पट्टीलगत पातं ४५ अंशांत कलतं धरून एका दमात कड कापायची, कोपऱ्यापाशी थांबायचं आणि अडलेला धागाभर कागद ब्लेडच्या टोकाने अलगद सोडवायचा. माउंटची खालची पट्टी त्यांनी न सांगता जरा रुंद ठेवली. चारही सारख्या असल्या की फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो.

मग त्यांनी सेलोटेप उचलली, तेव्हा मी थांबवलं. तिचा गोंद पिवळा पडून कागदात झिरपतो. गव्हाच्या स्टार्चची खळ मी घरूनच शिजवून नेली होती, कुरडईच्या चिकासारखी चकचकीत. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या त्या खळीने प्रिंटच्या मागे, फक्त वरच्या कडेला डकवल्या. चारही बाजू चिकटवल्या तर दमट हवेत कागदाला पसरायला जागा उरत नाही, मग लाटा येतात. शिवाय ही खळ पुढे कधी पाण्याने सोडवताही येते.

आत्याला फोटो दर्शनी भिंतीवर हवा होता, पण तीच भिंत पावसात ओल धरते. शेवटी आतल्या भिंतीवर टांगला, मागून हवा खेळावी म्हणून खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून. आता आत्याने ट्रंकेतले बाकीचे फोटोही बाहेर काढलेत. त्यातले काही एकमेकांना चिकटलेत. त्यांना हात लावू नकोस, असं तिला बजावलंय.