गंजाची नोंद

विकणे ह्या क्रियापदाला आपल्या भाषेत फारशी प्रतिष्ठा नाही. घेणाऱ्याचे आपण अभिनंदन करतो, त्याच्याकडे पेढे मागतो. विकणाऱ्याकडे मात्र किंचित कणवेने आणि किंचित संशयाने पाहतो. ‘वाडी विकली’ एवढे दोन शब्द उच्चारले, की ऐकणारा आवाज खाली आणून ‘का हो?’ असे विचारतो. वास्तविक, जतन केलेली वस्तू नीटपणे दुसऱ्याच्या हाती सोपवणे हे ती मिळवण्याइतकेच अवघड काम आहे. हे मला उमगले ते उत्तर इटलीतील एका जुन्या मोटारगाडीमुळे.

रोममधील शिक्षणाच्या निमित्ताने इटालियन भाषा अवगत झाली होती. त्यामुळे पुढे काही उन्हाळे मी तुरीन शहराजवळच्या एका गावी, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, बदली म्हणून काढले. तिकडे धर्मगुरूला ‘दोन’ असे संबोधतात. आपल्या कानांना तो आकडा वाटतो. पहिल्या वर्षी कोणी हाक मारली, की दुसरा कोण आहे हे पाहण्यासाठी मी मागे वळत असे. २०१८ च्या जुलै महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान आदल्या हिवाळ्यात वारले होते. ग्रुलियास्को येथील पिनिनफारिना ह्या सुप्रसिद्ध कारखान्यात पत्रा ठोकून त्याला आकार देण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

‘‘दोन, मला गाडी विकायची आहे,’’ सिन्योरा म्हणाल्या. ‘‘गिऱ्हाईक येईल तेव्हा आपण नुसते बसून राहा. धर्मगुरू समोर असला, की लोक जरा बेताने खोटे बोलतात.’’

गाडी होती १९६७ सालची, लाल रंगाची, कापडी छत मागे दुमडता येणारी अल्फा रोमिओ स्पायडर. हे वाहन १९६६ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम मांडले गेले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कारखान्याचे संस्थापक बात्तिस्ता पिनिनफारिना ह्यांचे निधन झाले. दोनच आसनांच्या ह्या गाडीला लोकांनी ‘दुएत्तो’, म्हणजे युगुलगीत, हे नाव दिले. तिच्या गोलसर निमुळत्या पाठीवरून ‘समुद्रफेस’ असेही तिला म्हणत. माकुळाच्या पाठीतील ते पांढरे हाड आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकांना परिचित आहेच. १९७० पासून ही पाठ तोडल्यासारखी सपाट करण्यात आली. त्यामुळे पहिल्या घडणीच्या गाड्यांना आज विशेष मान आहे. सिन्योरांच्या गाडीवर तुरीन प्रांताची मूळ काळी पाटी अजून शाबूत होती.

मग विकायची कशाला? सिन्योरांना गाडी चालवता येत नव्हती आणि मुलगा समुद्रापलीकडे होता. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते, असे त्या म्हणाल्या. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसते, रबर तडकते, ब्रेक जखडतात. ‘‘ह्यांनी जे पन्नास वर्षे जपले, ते मी दोन वर्षांत आदराने मारून टाकीन.’’

ह्या जातीच्या गाडीचा खरा वैरी गंज. छतावरून ओघळणारे पाणी वाहून जाण्याच्या नळ्या तुंबल्या, की ते दारांखालच्या पोकळ पत्र्यात साचते आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेर रंग तसाच चकाकत असतो. म्हणून जाणकार ग्राहक फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्या पत्र्यावरून फिरवतो. लांबीने भरलेली जागा आली, की चुंबक धरत नाही.

सिन्योरांकडे यजमानांची एक जाड वही होती. तिच्यात प्रत्येक तेलबदल, प्रत्येक सुटा भाग तारखेसह लिहिलेला होता. थंडीत इंजिन तापेपर्यंत दुसरा गिअर घाईने टाकू नये, अशी सूचनाही होती. मध्येच ‘आज हिला घेऊन समुद्रावर गेलो, परतताना पाऊस, दोघेही भिजलो’ अशी ओळ येई. आणि १९८८ च्या पानावर स्पष्ट लिहिले होते, की डाव्या दाराखालचा पत्रा गंजला होता, तो कापून नवा जोडला.

एक दलाल आला. गाडी पाहून त्याचे डोळे लकाकले. वही चाळल्यावर त्याने ती मिटून हळूच बाजूला सरकवली. ‘‘हे पान कोणाला दाखवू नका. काम इतके उत्तम आहे, की कोणालाही कळणार नाही.’’ त्याने सांगितलेला आकडा मोठा होता आणि सिन्योरांचे निवृत्तिवेतन बेताचे होते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘काम उत्तम आहे हे खरे. म्हणूनच त्यांनी ते लिहून ठेवले.’’ दलाल निघून गेला.

त्यानंतर तीन आठवडे कोणी फिरकले नाही. शेवटी एक निवृत्त अभियंता पत्नीसह आले. त्यांनी गाडीपेक्षा वहीच अधिक वेळ पाहिली. १९८८ चे पान वाचून ते डाव्या बाजूला आडवे झाले, चुंबक फिरवले आणि उठून म्हणाले, ‘‘वही गाडीबरोबर मिळणार असेल, तर मी घेतो.’’ दलालाच्या आकड्याहून त्यांचा आकडा कमी होता.

सिन्योरांचा चेहरा उतरला तो पैशासाठी नव्हे. त्या वहीत यजमानांचे अक्षर होते. अभियंत्यांनी नकलेवर समाधान मानण्याची तयारी दाखवली. परंतु रात्रभर विचार करून सिन्योरा सकाळी पॅरिशच्या कचेरीत आल्या आणि पानामागून पान त्यांनी स्वतः झेरॉक्स यंत्रावर ठेवले. नक्कल त्यांनी आपल्याकडे ठेवली. मूळ वही गाडीबरोबर दिली. ‘‘उद्या काही बिघडले तर त्या माणसाला हे पाहावे लागेल. मला फक्त वाचायचे आहे,’’ त्या म्हणाल्या. सह्या झाल्या, मालकीबदलाची नोंद झाली.

माझे वडील बैल विकत तेव्हा दावे मात्र घरी ठेवून घेत. घरची लक्ष्मी दाव्याबरोबर जाऊ नये, अशी जुनी समजूत होती. पण बैल कोणत्या खांद्याने जड आहे आणि कशाला बुजतो, हे ते घेणाऱ्याला बांधापर्यंत चालत जाऊन सांगत. आता आपल्या वसईपट्टीत बैल राहिले नाहीत. वाड्या आणि जुनी घरे विकली जातात. विकण्यात कमीपणा नाही. प्रत्येक घराच्या अडचणी त्या घरालाच ठाऊक. पण विहिरीचे पाणी मार्च लागताच मचूळ होते, ही गोष्ट खरेदीखतात लिहिलेली नसते. ती सांगणारा माणूस लागतो.