पाच सायकली मुरुडला

दोस्तांनो, समुद्राच्या काठाने सायकल चालवली आहे का कधी? आमच्या वर्गात विचारलं, तर एकही हात वर झाला नाही. आमची शाळा पाटण तालुक्यातली, डोंगरातली. इथे रस्ता एक तर चढतो, नाहीतर उतरतो. सपाट जागा म्हणाल तर शाळेचं पटांगण, बस्स! म्हणून गेल्या हिवाळ्यात सहलीसाठी दापोलीजवळचं मुरुड ठरवलं. जंजिऱ्याचं मुरुड वेगळं बरं का! ते रायगड जिल्ह्यात. हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. इथला किनारा रुंद आणि सपाट आहे.

मुलं एसटीने जाणार आणि पाच सायकली गावातल्या भाजीवाल्या काकांच्या पिकअपमधून. ‘बाई, आम्हीपण हौद्यात बसतो ना!’ असा गलका झालाच. पण मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

सायकलींचं नाव निघालं तशी सातवीतली एक मुलगी गप्प झाली. कारण मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी आम्ही कोयनानगरला गेलो, तेव्हा मीच सायकली एकीवर एक आडव्या रचून दोरी आवळली होती. उतरवताना पाहिलं, तर हिच्या मागच्या चाकात दुसरीचं पॅडल घुसलेलं. चार तारा तुटल्या आणि रिंगेला आउट आला. त्यात सायकल हिची नव्हतीच, ताईची होती. ताई तिच्यावरून हायस्कूलला जायची. दुरुस्त होऊन येईपर्यंत बिचारी नऊ दिवस चालत गेली. पैसे मी दिले, पण ते चालणं कुठून भरून देणार?

या वेळी म्हटलं, आधी सायकलींना उभं राहायला घोडी करू, मग सहल.

पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड स्वस्तात मिळालं. (शाळेतले मोडके बाक कापता आले असते, पण ते सरकारी. त्यांचे कागद रंगवण्यापेक्षा फळ्या विकत घेणं सोपं!) हौद्याची रुंदी आतून ६६ इंच भरली. ‘पाच सायकली, म्हणून भागिले पाच,’ असं म्हणून मुलांनी फळ्यावर १३.२ लिहूनही टाकलं. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, ‘बाई, पण दोन्ही भिंतींपाशीपण जागा सोडायची ना?’ शाब्बास! पाच सायकलींच्या मधल्या जागा चार आणि कडेच्या दोन, म्हणजे भाग सहा. ६६ भागिले ६, बरोबर ११ इंच. सायकलीचं हँडल मोजलं तर २२ इंच. मग युक्ती केली. पहिली, तिसरी, पाचवी सायकल तोंड पुढे करून आणि दुसरी, चौथी उलटी. हँडलला हँडल लागायचा प्रश्नच मिटला.

दोन लांब फळ्या, त्यांच्यावर प्रत्येक चाकासाठी दोन-दोन उभ्या पट्ट्या आणि वरून एक आडवी. चाक नुसतं खालून धरलं आणि सायकल कलली, तर सगळा भार रिंगेवर येतो आणि ती वाकते. म्हणून पट्ट्या दीड फूट उंच ठेवल्या आणि आतून जुनी ट्यूब कापून लावली. खिळे वापरले नाहीत. गाडीच्या हादऱ्याने खिळे सैल होतात, म्हणून सगळीकडे नटबोल्ट. घोडी केबिनच्या बाजूला बसवली, मागच्या टोकाला आडवा बांबू घातला आणि सगळं हौद्याच्या हुकांना घट्ट बांधलं. ताईची सायकल सगळ्यात शेवटी चढली.

पहाटे निघालो. कोयनानगर, हेळवाक मागे पडलं. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर थांबून फाळका उघडला, तर घोडी चार बोटं डावीकडे सरकलेली! बसवायला सोपी जावी म्हणून मी फळ्या जरा आखूड कापल्या होत्या. त्या फटीमुळे वळणावळणाला ती हलत होती. काकांनी भाजीची दोन गोणपाटं घडी करून फटीत ठोकली. खाली कोकण धुक्यात बुडालेलं होतं, पण मी पाहत होते चाकांकडे. मग घाट उतरून चिपळूण, खेड, दापोली. हवा दमट झाली, माडपोफळी दिसू लागल्या आणि मुरुड आलं.

भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते आणि ती वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून तिथल्याच एका आजोबांना वेळ विचारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर गेलो. कोरड्या वाळूत सायकल रुतते, कारण कण एकमेकांवरून घसरतात. ओल्या वाळूत मधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. पाच सायकली आणि मुलं तेवीस, त्यामुळे पाळ्या लावल्या. पाण्यापासून लांबच राहायचं, हा एकच नियम. मागे वळून पाहिलं की आपल्याच चाकांच्या लांबच लांब रेघा!

पाळीची वाट पाहणाऱ्यांना मी कर्व्यांची गोष्ट सांगितली. विद्यार्थी असताना ते याच मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही! पुढे १९५८ साली ते भारतरत्न झाले. पण मुलांना त्याचं काय! ‘बाई, मग ते परतपण चालतच आले?’ असं त्यांनी दोनदा विचारलं.

निघण्याआधी विहिरीच्या गोड्या पाण्याने सायकली धुतल्या, पुसल्या, चेनला तेल दिलं. खाऱ्या पाण्याने चेन भराभर गंजते, तेव्हा तुम्ही गेलात तर हे चुकवू नका.

रात्री गावात पोचलो, तेव्हा ताई दारातच उभी होती. आधी तिने मागचं चाक उचलून गरकन फिरवलं आणि ब्रेकच्या रबरापाशी डोळा नेऊन पाहिलं. चाक कुठे डगमगत नव्हतं. ‘चेनला तेल कुणी घातलं गं?’ तिने विचारलं, आणि सायकल आत नेली.